हुमनाबादहून जालना किती लांब?



आपण जुन्या आठवणी लिहायला बसलो की वीरभद्रेश्वराची जत्रा येते, माणिकनगरची दत्तजयंती येते, पोलीस ॲक्शनचे दिवस येतात, बहात्तरचा दुष्काळ येतो. एक विषय मात्र कोणी काढत नाही. बहुतेक घराण्यांत एखादं माणूस असं होतं की ज्याचा फोटो अल्बममध्ये सापडत नाही, आणि विचारलं तर मोठी माणसं म्हणायची, "जाऊ दे, त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं." त्या माणसांना कुठे नेलं, काय इलाज केला, पुढे काय झालं, याचाही एक इतिहास आहे. मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालो आणि सगळी नोकरी बँकेत गेली. त्यामुळे माझं लक्ष आधी अंतर, तारखा आणि खर्च यांच्याकडे जातं. हे लिखाण तसंच आहे, सांभाळून घ्या.

आधी शब्दांचं बघू. आपल्याकडे एका गल्लीत तीन भाषा नांदतात, म्हणून या दुखण्याला नावंही तिन्ही भाषांत. मराठीत बाधा, लागीर, बाहेरचं, भ्रमिष्ट. कानडीत हुच्च, नाहीतर 'गाळी' लागली म्हणायचं, म्हणजे वारं लागलं. दखनीत 'असर हो गया'. हे सगळे शब्द टोकाच्या अवस्थेचे. माणूस एकटाच बडबडतो, कोणाच्या तरी अंगावर धावून जातो, कपड्यांचं भान राहत नाही, तेव्हाचे.

पण त्याहून सौम्य, रोजच्या त्रासाला आपल्या आज्यांकडे किती नेमके शब्द होते ते आठवून बघा. धसका घेतला. हाय खाल्ली. घोर लागला. जीव थाऱ्यावर नाही. मन कशात लागत नाही. आतल्या आत खंगत चालली. आज डॉक्टर ज्याला डिप्रेशन, म्हणजे नैराश्याचा आजार म्हणतात, त्याची लक्षणं मी एकदा कागदावर उतरवून घेतली. भूक जाते, झोप जाते किंवा पहाटे तीनलाच डोळे उघडतात, आवडीच्या गोष्टीत रस उरत नाही, सारखा थकवा, आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतं, आणि हे सगळं दोन आठवड्यांच्या वर टिकतं. 'हाय खाल्ली' या दोन शब्दांत यातलं जवळजवळ सगळं बसतं. धसका म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात बसून राहिलेली भीती. छातीत धडधड होते, हातपाय गार पडतात, आता मी मरतो असं वाटतं, ईसीजी काढला तर स्वच्छ येतो आणि घरचे म्हणतात गॅस आहे. त्याला हल्ली पॅनिक ॲटॅक म्हणतात. सोवळ्याचंही तसंच. सगळं सोवळं हा काही आजार नव्हे. पण एखादी आत्या दिवसातून पन्नास वेळा हात धुवायची, धुतलेलं लुगडं पुन्हा धुवायची, त्यापायी जेवायला चार वाजायचे आणि स्वतःच रडायची. तिला हौस नव्हती, तिला थांबता येत नव्हतं. म्हातारपणी नातवाचं नाव विसरणं, संध्याकाळ झाली की "मला माझ्या घरी जायचंय" म्हणून दाराशी जाऊन उभं राहणं, याला आपण म्हातारचळ म्हणून मोकळे झालो.

म्हणजे आजार सगळे होते आणि नावंही होती. पण इलाजाचा विचार व्हायचा तो फक्त टोकाच्या शब्दांपाशी. हाय खाल्लेल्या बाईला कोणी वैद्याकडे नेत नसे. ती गप्प असते, कामं करते, कोणाला त्रास देत नाही, तर न्यायचं कशाला? नेलं जायचं ते आरडाओरडा करणाऱ्याला. आणि न्यायचं कुठे, तर खूप लांब.

निजामाच्या राज्यात वेड्यांची सोय आधी हैदराबादेत तुरुंगाला जोडून होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती जालन्याला हलली. हो, आपल्या मराठवाड्यातलं जालना. हैदराबाद संस्थानातल्या माणसाला 'वेड्यांच्या इस्पितळात' घालायचं म्हणजे तिथे. आता हुमनाबादहून जालना तीनशे किलोमीटरच्या वर. आपल्या गावाला रेल्वे नव्हती. बीदर-कलबुर्गी मार्ग पुरा झाला तोच मुळी २०१७ साली. तेव्हा बैलगाडीनं किंवा मोटारीनं गुलबर्गा नाहीतर बीदर गाठायचं आणि गाड्या बदलत पुढे जायचं, सोबत बांधलेलं किंवा बिथरलेलं माणूस. असा प्रवास माणूस एकदाच करतो. भेटायला पुन्हा कोण जाणार? आमच्या घरच्या मोठ्या माणसांच्या तोंडी 'जालन्याला पाठवलं' याचा अर्थ 'गेला तो' असाच होता. आमच्या गल्लीतल्या एक काकू, नाव लिहीत नाही, दुसऱ्या बाळंतपणानंतर अशाच हातच्या गेल्या होत्या. बाळाला जवळ घेईनात, रात्ररात्र जाग्या, भिंतीशी बोलायच्या. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत असं होऊ शकतं, ते अचानक येतं, आणि वेळेवर औषध मिळालं तर बाई पूर्ववत होते, हे आज कुठलाही डॉक्टर सांगेल. त्यांना जालना नाही झालं, माळ्यावरची खोली झाली. पंधरा वर्षं.

इंग्रजी मुलखात तरी काय वेगळं होतं? १८५८ चा कायदा, नंतर १९१२ चा. नावातच 'लुनॅटिक' नाहीतर 'लुनसी'. भरतीचा हुकूम मॅजिस्ट्रेटनं द्यायचा, उंच भिंती, मोठं फाटक. हेतू समाजाला वाचवण्याचा, माणसाला बरं करण्याचा नव्हे. ठाण्याचं इस्पितळ १९०१ चं. मुंबईकर अजून 'ठाण्याला पाठवा' म्हणतात, पुणेकर 'येरवड्याला'. हैदराबादकर 'एर्रागड्डा' म्हणतात, कारण १९५३ साली जालन्याचं इस्पितळ हैदराबादच्या एर्रागड्ड्याला गेलं. आपल्या दृष्टीनं ही मोठी सुधारणा, अंतर निम्म्यावर आलं. पण तीन वर्षांत, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यंच बदलली. बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूर राज्यात गेले, मराठवाडा मुंबईत, तेलंगण आंध्रात. आपल्या लेकी-सुना एका रात्रीत तीन राज्यांच्या झाल्या. आणि सरकारी कागदावर आपलं मानसिक इस्पितळ झालं बंगळूरचं, सहाशे किलोमीटरच्या पलीकडचं. तिथे १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली होती. १९७४ मध्ये ती आणि जुनं सरकारी इस्पितळ एक होऊन निम्हान्स झालं. संस्था उत्तम, देशात नाव. पण हुमनाबादच्या माणसाला सोलापूर आणि हैदराबाद दोन्ही दीडशे किलोमीटरवर असताना बंगळूर कोण गाठतो? जो तो ऐपतीप्रमाणे सोलापूर, हैदराबाद, पुणे करत राहिला.

तेवढ्यात जगात एक मोठी गोष्ट घडून गेली होती. १९५२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांना क्लोरप्रोमाझिन या औषधाचा गुण दिसला. वर्षानुवर्षं कोंडलेली माणसं शांत होऊन बोलायला लागली. त्याआधी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात केड नावाच्या डॉक्टरांनी लिथियम वापरून बघितलं होतं. पन्नाशीच्या अखेरीस नैराश्यावरचं पहिलं औषध आलं. भिंतींची गरज औषधांनी कमी केली. आणि आपल्या देशानं त्यात एक स्वतःची भर घातली, तिचा मला अभिमान वाटतो. अमृतसरच्या इस्पितळात डॉ. विद्यासागर यांनी पन्नाशीच्या दशकात रुग्णांच्या घरच्यांना इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिलं. आई, बायको, भाऊ सोबत. रुग्ण लवकर बरा होऊ लागला आणि घरच्यांची भीतीही गेली. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनंही कुटुंबाला सोबत ठेवण्याची सोय केली.

हे वाचलं तेव्हा मला एकदम गाणगापूर आठवलं. कारण कुटुंबासकट राहायचं, ही पद्धत आपल्याला नवी थोडीच आहे!

जालना टाळायचं म्हणून आपली माणसं कुठे जायची? गाणगापूरला. हुमनाबादहून शंभर किलोमीटरच्या आसपास, भीमा-अमरजेचा संगम, नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुका. तुमच्यापैकी बहुतेकांनी महामंगलारतीच्या वेळचा प्रकार बघितला असेल. घंटा वाजायला लागल्या की कोणी घुमायला लागतं, कोणी किंचाळतं, एखादी बाई खांबाला लटकते. लहानपणी मी आईच्या पदरात तोंड लपवलं होतं. मोठेपणी बघताना दुसरंच दिसलं. आरती संपली की तीच बाई पदर सावरून शांत बसते, सासू तिला पाणी देते, आणि भोवतीचे चारशे लोक तिला वेडी म्हणत नाहीत. महिना-महिना तिथे राहायचं, संगमावर स्नान, माधुकरी, पारायण. घरी जिला कोणी विचारत नव्हतं तिच्यासाठी नवरा, सासू, दीर कामधंदा सोडून आलेले असतात.

मी दत्तसंप्रदायातला माणूस आहे, तेव्हा पक्षपात होऊ नये म्हणून एका शोधनिबंधाचं सांगतो. निम्हान्सच्याच डॉक्टरांनी तमिळनाडूतल्या एका मुथुस्वामी मंदिरात राहिलेल्या गंभीर आजाराच्या ३१ रुग्णांची आधी आणि नंतर शास्त्रीय तपासणी केली आणि ती २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. लक्षणांचं मोजमाप सुमारे वीस टक्क्यांनी उतरलं होतं. तिथे ना औषध होतं ना विशेष विधी. राहायला जागा, हलकी कामं आणि कोणी हिणवत नाही, एवढंच. हे वाचून बरं वाटलं. पण त्याच तमिळनाडूत आदल्याच वर्षी, ६ ऑगस्ट २००१ ला, एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमात आग लागली आणि पंचवीसहून जास्त रुग्ण जळून मेले. त्यांना साखळ्यांनी बांधलेलं होतं, पळता आलं नाही. देवाच्या दारात मायाही असते आणि साखळीही, आणि फरक देवामुळे पडत नाही, सांभाळणाऱ्या माणसांमुळे पडतो. मग वीस टक्के उतार म्हणजे ऐंशी टक्के शिल्लक, हा हिशेबही विसरू नये. स्किझोफ्रेनियाला, म्हणजे भास आणि पक्के गैरसमज होणाऱ्या आजाराला, औषध लागतंच.

यावर गुजरातनं काढलेला तोडगा मला फार व्यवहारी वाटतो. मेहसाणा जिल्ह्यात उनावाला मीरा दातारचा दर्गा आहे. तिथे २००८ पासून 'दवा-दुआ' सुरू झालं. मुजावर दुआ देतात आणि त्याच आवारातल्या डॉक्टरकडे पाठवतात. श्रद्धेशी भांडण नाही. आपल्या भागात गाणगापूर आहे, गुलबर्ग्याला ख्वाजा बंदेनवाज आहेत. अशी एक खोली इथे का नसावी, हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारून बघितला आहे.

आतापर्यंतची गोष्ट टोकाच्या आजारांची झाली. धडधाकट, शहाण्या माणसाचं मनही मोडतं आणि ती लाज नव्हे, हे आपल्या भागाला कळलं एका पहाटे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हललं. हुमनाबादपासून ते शंभर किलोमीटरच्या आत. आपणही अंगणात आलो होतो. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, तेच अंगावर आलं. सुमारे आठ हजार माणसं गेली. बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे तेव्हाचे प्रमुख म्हणजे डॉ. मोहन आगाशे. हो, तेच, घाशीराम कोतवालमधले नाना फडणवीस. मुळात ते मनोविकारतज्ज्ञ. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीनं तिथल्या माणसांच्या मनाचा अभ्यास पुढे कित्येक वर्षं चालला. भूकंपानंतर महिन्याभरात तपासलेल्या एका लहान गटात तर निम्म्याहून जास्त लोकांना निदान करता येईल इतका मानसिक त्रास होता.

तिकडे सोयरीक असलेल्यांनी हे डोळ्यांनी बघितलं आहे. पक्कं घर मिळालं तरी माणसं आत झोपेनात. ट्रकचा आवाज आला की बाहेर पळायची. हातातोंडाशी आलेली सगळी पोरं गेलेली आई रडतच नव्हती. त्यांना कोणी भ्रमिष्ट म्हटलं नाही, कारण सगळ्या गावाचंच तसं झालं होतं आणि कारण सगळ्यांना दिसत होतं. माझा मुद्दा इथेच आहे. एकट्या माणसाच्या घरात जो भूकंप होतो, नोकरी जाते, मूल जातं, घटस्फोट होतो, त्याचं कारण शेजाऱ्याला दिसत नाही. म्हणून त्याला आपण "मन घट्ट कर" सांगतो. किल्लारीच्या बाईला हे कोणी सांगितलं असतं का?

नंतर १९९७-९८ चा हंगाम. बीदर-गुलबर्गा म्हणजे तुरीचा मुलूख. त्या वर्षी अवकाळी पाऊस आणि शेंगा पोखरणारी अळी यांनी तूर खाल्ली, आणि कर्नाटकातल्या शेतकरी आत्महत्यांच्या पहिल्या मोठ्या बातम्या आपल्याच बीदर जिल्ह्यातून आल्या. पुढे सरकारनं डॉ. वीरेश यांची समिती नेमली, तिचा अहवाल २००२ चा. कर्जामुळे की दारूमुळे की घरातल्या ताणामुळे, यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ वाद झाला. मी तेव्हा नोकरीत होतो. हा वाद मला खोटा वाटायचा, अजून वाटतो. थकबाकीदार काउंटरवर यायचा तेव्हा त्याचा चेहराच सांगायचा की हा तीन महिने झोपला नाही. कर्ज, दारू आणि घरातली भांडणं ही त्या एका माणसाच्या डोक्यात एकाच वेळी चालू असतात, वेगवेगळ्या खात्यांवर नाही. कर्जाच्या अर्जात जमीन किती, विहीर आहे का, जामीनदार कोण, सगळे रकाने होते. झोप लागते का, हा रकाना कुठेच नव्हता. बँकेत नाही आणि सरकारी दवाखान्यातही नाही.

खरं तर दवाखान्यात तो यावा म्हणून काम आपल्याच राज्यात सुरू झालं होतं. निम्हान्सच्या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात बंगळूरजवळच्या सकलवाड्याला खेड्यात जाऊन काम आरंभलं, आणि १९८५ च्या सुमाराला बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग केला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साध्या डॉक्टरला आणि नर्सला शिकवायचं, मोजकी औषधं केंद्रातच ठेवायची. मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याला एक असला तरी भागतं. हाच बळ्ळारीचा नमुना घेऊन १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. आपल्याच कल्याण कर्नाटकातली बळ्ळारी, पण आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होतं? मग २०१४ पासून कर्नाटकात 'मनोचैतन्य' आलं, मंगळवारी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ. बीदर आणि कलबुर्गीच्या वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग असतोच. तीनशे किलोमीटरवरून अंतर आलं तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत.

कायदाही बदलला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. साखळीनं बांधायला बंदी, रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची, आणि मेडिक्लेममध्ये मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायचा. पॉलिसी काढून बघा, विमा एजंट हे आपणहून सांगत नाहीत. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला पूर्वी ३०९ कलमाखाली गुन्हेगार धरत. आता तो तीव्र ताणाखाली होता असं मानायचं आहे, आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ते कलमच नाही.

मग अडतंय कुठे? निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या घटकेला काही ना काही मानसिक आजार होता, आणि त्यातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत इलाज पोचलेला नव्हता. ही पाहणी बारा राज्यांत झाली, त्यात ना महाराष्ट्र होता ना कर्नाटक, म्हणून "आपल्याकडे तसं नाही" म्हणायला मोकळीक आहे. म्हणा हवं तर.

माझ्या बघण्यात अडतं ते दोन ठिकाणी. गोळ्यांपर्यंत आपली माणसं आता येतात. "डॉक्टरांनी डोक्याची गोळी दिलीये" हे हळूच का होईना, बोललं जातं. त्यातही दोन गोष्टी सांगतो. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणू नये. आणि बरं वाटलं की मनानंच बंद करू नये. पण बोलण्याचा इलाज, ज्याला थेरपी किंवा समुपदेशन म्हणतात, तिथे आपण अडतो. "तासभर गप्पा मारायचे पैसे? त्यापेक्षा आमच्याशी बोल की!" हे वाक्य मी किमान दहा घरांत ऐकलं आहे.

त्या तासात काय होतं? १९५५ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी आणि साठीच्या दशकात ॲरन बेक यांनी जी पद्धत बसवली, ती मला चटकन समजली, कारण ती आमची कीर्दच आहे. घटना लिहायची. त्या क्षणी मनात आलेला विचार लिहायचा. त्यामुळे काय वाटलं ते लिहायचं. मग त्या विचाराला व्हाउचर आहे का ते बघायचं. समजा, अमेरिकेतल्या मुलाचा रविवारी फोन आला नाही. विचार: मी त्याला नकोसा झालो. वाटलं: जगून काय करायचं. पुरावा? गेल्या बारा रविवारांत अकरा वेळा फोन आला होता. मग दुसरा विचार लिहायचा, पुराव्याला धरून असलेला. हे एकदा करून काही होत नाही. आठवड्याला एक बैठक, साधारण बारा ते वीस बैठका, मध्ये घरी गृहपाठ, आणि भीती वाटते ते काम थोडंथोडं करून बघायचं. त्यात "तुम्ही किती चुकलात" हा सूर नसतो आणि "देवावर हवाला ठेवा" हाही नसतो. आपल्या मराठीला ही पद्धत आणली ती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी, त्यांनी एलिस यांच्याशी पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच संस्था १९९० पासून हे काम करते आहे. समर्थांनी मनालाच उद्देशून दोनशे पाच श्लोक लिहिले, आणि त्याच समर्थांची माणसं मनाविषयी बोलायला लाजतात, हे कोडं मला सुटलेलं नाही.

"घरचं बाहेरच्याला कसं सांगायचं?" यावर बँकवाल्याचं उत्तर. तीस-पस्तीस वर्षांत गिऱ्हाइकांनी मला टेबलाशी बसून जे सांगितलं, ते त्यांच्या बायकोला ठाऊक नव्हतं. कारण मी त्यांच्या लग्नाकार्यात पंगतीला नसे आणि माझ्यावर गुप्ततेचं बंधन होतं. घरच्या माणसाला सांगितलं की तो दुखावतो, घाबरतो किंवा उपदेश करतो. बाहेरच्या शिकलेल्या माणसाला तसं काही होत नाही, म्हणूनच तो उपयोगाचा.

दुसरी अडचण खास आपली, सीमाभागातली. गोळी कोणत्याही भाषेत लागू पडते, बोलण्याच्या इलाजाला मात्र आपली भाषा लागते. जिल्ह्याचा समुपदेशक कानडी बोलतो. बाजारहाटाची कानडी आपल्या सगळ्यांना येते, पण सासूनं चाळीस वर्षांपूर्वी काय म्हटलं ते बाजारहाटाच्या कानडीत सांगता येत नाही. आणि पुण्याच्या मराठी बाईंना आमच्या मावशीची अर्धी कानडी, अर्धी दखनी मराठी कळत नाही. फोनवर, व्हिडिओवर थेरपी निघाल्यापासून हे थोडं सुटलं आहे. लातूर-सोलापूरकडचं माणूस मिळालं तर उत्तमच. टेली-मानस हा सरकारी नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, १४४१६, रात्रंदिवस, फुकट, भाषा निवडता येते, मराठी आणि कानडी दोन्ही. औषध देणारे मनोविकारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर एम.डी. किंवा तसंच पदव्युत्तर शिक्षण केलेले असतात. बोलण्याचा इलाज करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, आरसीआयकडे, नोंदणी असते, ती विचारावी. विचारण्यात संकोच नको, आपण बँकेत एफडीची पावती मागतोच ना?

लाजेचं काय करायचं, त्याला मात्र नंबर नाही. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते झाकलं नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, 'देवराई' या २००४ च्या सिनेमाला पाठबळ दिलं. त्याच सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांनी पुढे विस्मरणावर 'अस्तु' आणि नैराश्यावर 'कासव' काढला. 'कासव'ला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. घरी मुलं-नातवंडं आली की तिन्ही लावून द्या, उपदेश करायची गरज पडत नाही.

आता एक विनंती. जालन्याच्या इस्पितळाचे, एर्रागड्ड्याचे, मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाचे, उर्दूतले असोत की मोडीतले, जुने कागद कोणाच्या घरी ट्रंकेत असतील तर नावं झाकून इथे फोटो टाकावेत. उर्दू वाचून देणारे दोन जण माझ्या ओळखीचे आहेत. आणि माळ्यावरच्या खोलीतल्या काकूंसारखं कोणी तुमच्या घराण्यात असेल तर निदान त्यांचं नाव वंशावळीत भरा. आमच्या गल्लीतल्या त्या घरानं गेल्या वर्षी वंशावळ छापली, मी उघडून बघितली. काकूंचं नाव आहे, पुढे जन्मसाल आहे, मृत्यूच्या रकान्यात रेघ ओढलेली आहे.